भूगर्भातील धन आणि गावचा दिवा

श्रोतेहो, नाशिकरोडहून पूर्वेला निघाले की थोड्याच वेळात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी दिसू लागतात. भोवतालच्या गावांतील लोकांना त्यांचे नवल राहिलेले नाही. वीज आली की दिवा लागतो, मोटार चालू होते, चक्कीवर दळण होते. आणि वीज गेली की आपण वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडतो. पण ही वीज कशापासून होते, ते द्रव्य कुठून येते आणि ते यायचे थांबले तर काय होईल, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तोच विचार करायचा आहे. कारण देशाचे संरक्षण आणि उद्याची निर्मळ वीज, या दोहोंचे मूळ शेवटी जमिनीच्या पोटातील खनिजापाशी जाऊन पोहोचते.

प्रथम एकलहऱ्याचाच हिशेब मांडू. शिक्षक बंधूभगिनींनी तो वर्गातल्या फळ्यावर जरूर मांडावा. येथील पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास सुरू झाले. ते आता बंद झालेले आहेत. त्यानंतर १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचा एक, असे तीन संच उभे राहिले. २१० मेगावॅटचा संच पूर्ण ताकदीने एक तास चालला की २ लाख १० हजार युनिट वीज होते. चोवीस तास चालला तर ५० लाख ४० हजार युनिट. आपल्याकडच्या कोळशापासून एक युनिट वीज काढायला ढोबळ मानाने पाऊण किलोच्या आतबाहेर, म्हणजे ७०० ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे एका संचाला दिवसाला साडेतीन हजार टन कोळसा लागला. तिन्ही संच भरात चालले तर साडेदहा हजार टन. कोळशाची एक मालगाडी साधारण चार हजार टन माल आणते. म्हणजे रोज अडीच ते तीन गाड्या कोळसा एकलहऱ्याच्या यार्डात रिकामा झाला पाहिजे, तेव्हा कुठे हे केंद्र पूर्ण शक्तीने चालेल.

आता हा कोळसा येतो कुठून? नाशिक जिल्ह्यात खणून तो मिळत नाही. याचे कारण आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमिनीला भेगा पडून शिलारस बाहेर आला, पसरला, निवला. पुन्हा आला, पुन्हा निवला. असे थरावर थर बसून सह्याद्री आणि दख्खनचे पठार झाले. त्रिंबकचा डोंगर बघा, सप्तशृंगीचा कडा बघा, पायऱ्या रचल्यासारखे थर दिसतात. हा दगड घरबांधणीला उत्तम, रस्त्याच्या खडीला उत्तम, आणि त्याची झीज होऊन झालेली काळी माती तर द्राक्षाला नि कांद्याला वरदानच. दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, गुलाबी असे सुंदर स्फटिकही सापडतात; सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. मुलांची सहल न्यावी असे ते ठिकाण आहे. पण या दगडात कोळसा नाही, तांबे नाही, मँगनीज नाही.

कोळसा आहे तो विदर्भात. तेथे शिलारसाहून कितीतरी जुने, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचे खडक वर आलेले आहेत. त्या काळी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा हा कोळसा झाला. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरोरा येथे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच खाण काढली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडीचा फाटा नेला. ती खाण १९०६ साली बंद पडली. पण बल्लारपूर, चंद्रपूर, वणी, उमरेड, कामठी या पट्ट्यातील खाणकाम वाढतच गेले. १९७३ साली कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या आणि १९७५ पासून या भागातल्या बहुतेक खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीकडे आहेत. तिकडचा कोळसा वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड अशी मजल करीत सहाशे-सातशे किलोमीटर चालून एकलहऱ्याला येतो. आपला दिवा इथे लागतो. त्याचे तेल तिथे निघते.

या साखळीची एक कडी निसटली तर काय होते, हे २०२१ च्या ऑक्टोबरात दिसले. त्या वर्षी पाऊस लांबला, खाणींत पाणी साचले, विजेची मागणी एकदम वाढली, आणि परदेशी कोळशाचे भाव आभाळाला भिडले. देशातील अनेक वीजकेंद्रांच्या आवारात चार-दोन दिवस पुरेल एवढाच कोळसा उरला. ज्यांची केंद्रे बाहेरून आणलेल्या कोळशावर बेतलेली होती, त्यांना तो परवडेना. त्या वेळी देशाला तारले ते घरच्या खाणींनी. पुढे २०२४-२५ साली भारताने एका वर्षात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. तरीही आपण बाहेरून कोळसा आणतोच. विशेषतः पोलादाच्या भट्टीला लागणारा उत्तम प्रतीचा कोळसा आपल्याकडे कमी आहे.

राष्ट्राची सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सीमेवरचा जवान उभा राहतो. ते बरोबरच आहे. नाशिककरांना तर हे सांगायला नको. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, आणि ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग विमाने झाली, पुढे सुखोई झाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तिथे बांधलेले तेजस विमान आकाशात गेले. पण जवानाच्या हातातील हत्यार कशाचे? पोलादाचे. विमानाचे अंग कशाचे? ॲल्युमिनियमचे, टिटॅनियमचे. इंजिनाच्या आतली पाती लाल तापूनही वितळत नाहीत, ती निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूंची. म्हणजे रणांगणावरची लढाई सुरू होण्याच्या आधी एक लढाई खाणीत आणि भट्टीत लढली जाते.

उदाहरणासाठी आपल्याच महाराष्ट्रातले मँगनीज घेऊ. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत, आणि शेजारच्या बालाघाटात, मँगनीजचा मोठा पट्टा आहे. तिथे १८९६ पासून कंपनीच्या नावाने खाणकाम चालत आले. १९६२ साली सरकारने भागीदारी घेऊन नवी कंपनी केली. आज ती मॉईल या नावाने ओळखली जाते आणि देशातल्या मँगनीजच्या उत्पादनात तिचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. मँगनीजवाचून पोलाद होत नाही. साध्या पोलादातही ते शेकडा अर्धा-एक भाग असते. शेकडा बारा-तेरा भाग घातले, तर असे पोलाद होते की जितके ठोकावे तितके ते कठीण होते. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथल्या तुकड्यांना हेच पोलाद वापरतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांची शिरस्त्राणे त्याची केली होती.

आणि हेच मँगनीज आपल्या घरातही आहे, बरं का! भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीचे खनिज बॅटरीच्या सेलसाठी प्रसिद्ध आहे. ट्रान्झिस्टर रेडिओत किंवा भिंतीवरच्या घड्याळात आपण जो सेल घालतो, त्याच्या आतली काळी पूड म्हणजे मुख्यतः मँगनीजचे एक संयुग असते. म्हणजे सेलवर रेडिओ ऐकणाऱ्याच्या घरात भूगर्भातील खनिजच बोलत असते असे म्हटले तरी चालेल.

इथे कोणी विचारील, ‘अहो, तुम्ही कोळशाचे गुण गाता; पण जग तर आता सूर्याच्या नि वाऱ्याच्या विजेकडे चालले आहे. मग खाणींचे काय काम?’ प्रश्न रास्त आहे. कोळसा जाळल्याने हवा बिघडते आणि पृथ्वी तापते. आपल्या कोळशात राखही फार. शंभर किलो कोळसा जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. वरच्या हिशेबाने एकलहऱ्याला पूर्ण ताकदीने केंद्र चालले तर रोज साडेतीन-चार हजार टन राख व्हायची. या राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्ये ती जाते, रस्त्याच्या भरावाला चालते; आणि सगळी राख अशी उपयोगात आणली पाहिजे असा सरकारचा नियम आहे. पण राखेच्या तळ्याजवळ ज्यांची शेते आहेत त्यांना विचारा. उन्हाळ्यात वारा सुटला की ती कुठे कुठे जाऊन बसते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. म्हणून कोळशाचा भार हळूहळू कमी व्हायला हवा, यात शंका नाही.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. सूर्याला आणि वाऱ्याला पैसे पडत नाहीत. त्यांना पकडायला जी यंत्रे लागतात, ती खनिजांची असतात. शेतावर सौर पंप बसवला, तर त्याच्या तावदानातील काळा पापुद्रा गारेच्या दगडातून काढलेल्या सिलिकॉनचा. त्यावरच्या बारीक रेघा चांदीच्या. चौकट ॲल्युमिनियमची. तारा नि मोटारीचे वेढे तांब्याचे. रात्रीसाठी वीज साठवायची तर बॅटरी आली. तिच्यात लिथियम आले, ग्रॅफाइट आले, काही जातींत निकेल, कोबाल्ट आणि आपले मँगनीजही आले. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ साली हिशेब दिला, की विजेवर चालणाऱ्या मोटारगाडीला पेट्रोलच्या गाडीच्या सहापट खनिजे लागतात, आणि जमिनीवरील पवनचक्क्यांच्या केंद्राला वायूवर चालणाऱ्या तेवढ्याच केंद्राच्या नऊपट. अर्थात कोळसा रोज जाळावा लागतो, आणि तांबे एकदा बसवले की पंचवीस वर्षे काम देते व नंतर वितळवून पुन्हा वापरता येते. हा फरक मोठा आहे. पण आरंभी ते तांबे आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच.

तांब्याचेच पाहा. आपल्या सीमेलगत बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे. तरीही देशाला लागणाऱ्या तांब्याच्या मानाने आपल्या खाणींतून निघणारे खनिज फार थोडे पडते, आणि बाकीचे परदेशातून आणावे लागते. लिथियम, निकेल आणि कोबाल्ट यांसाठी तर आपण जवळजवळ संपूर्णपणे बाहेरच्यांवर अवलंबून आहोत. आणि टिटॅनियमची गंमत वेगळीच आहे. त्याचे मूळ खनिज, इल्मेनाइट नावाची जड काळी वाळू, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे, केरळात आहे, तमिळनाडूत आहे, ओडिशात आहे. पण त्या वाळूपासून विमानाला लागणारी धातू काढण्याचे काम अतिशय कठीण. केरळात चवरा येथे वर्षाला ५०० टन क्षमतेचा कारखाना २०११ साली सुरू झाला, तेव्हा कुठे आपण या विद्येच्या दारात पाऊल टाकले.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पण इथे उलटा प्रकार आहे. आडात आहे, पोहरा नाही! याचे ठळक उदाहरण म्हणजे दुर्मीळ मृदा नावाची सतरा मूलद्रव्ये. नाव दुर्मीळ, पण ती जमिनीत तशी पुष्कळ ठिकाणी असतात. फक्त विखुरलेली आणि एकमेकांत मिसळलेली असतात, आणि ती वेगळी करणे फार जिकिरीचे असते. त्यांपैकी निओडिमियमपासून छोटे पण अतिशय जोरकस लोहचुंबक होतात. विजेच्या मोटारगाडीत, पवनचक्कीत, क्षेपणास्त्राच्या सुकाणूत, सगळीकडे ते लागतात. आपल्या देशाने १९५० सालीच या कामासाठी सरकारी कंपनी काढली होती. किनाऱ्याच्या वाळूत या द्रव्यांचे साठे आपल्याकडे जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी आहेत. तरी जगाच्या उत्पादनात आपला वाटा एक टक्क्याच्याही आतच. शुद्धीकरणाचे जवळजवळ नव्वद टक्के काम एकट्या चीनकडे आहे.

याचा परिणाम काय होतो? २०१० साली समुद्रातील एका बोटीच्या तंट्यावरून चीनकडून जपानला जाणारी ही द्रव्ये अडली. जपानची धांदल उडाली. पण त्यातून जपान शिकला. त्याने साठा करून ठेवायला सुरुवात केली, जुन्या यंत्रांतून द्रव्ये परत काढली, आणि ऑस्ट्रेलियातील खाणीला भांडवल पुरवून दुसरा पुरवठादार उभा केला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा आणि त्यांचे चुंबक बाहेर पाठविण्यावर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा भारतातल्या मोटारगाड्यांच्या कारखानदारांनाही घोर लागला. चुंबक हाताच्या मुठीत मावेल एवढा. पण तो नसेल तर सारी गाडी अडून राहते. शेजाऱ्याच्या विहिरीवर आपली मोट चालत असेल, तर शेजाऱ्याचा स्वभाव बदलताच आपले पीक वाळते, ही गोष्ट शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

मग आपण काय करीत आहोत? २०२३ साली सरकारने देशाला अत्यंत गरजेच्या ३० खनिजांची यादी केली, आणि त्याच वर्षी खाणींचा कायदा बदलून त्यांतील बऱ्याच खनिजांच्या लिलावाचा अधिकार केंद्राकडे घेतला. जम्मूकडील रियासी जिल्ह्यात लिथियमचा अंदाजी साठा असल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. पण अंदाजी साठा म्हणजे खाण नव्हे. शोध, छिद्रे पाडणे, तपासणी, परवाने, भांडवल, रस्ते असे करीत खाणीतून माल निघायला दहा-पंधरा वर्षेही लागतात. पी हळद अन् हो गोरी असा हा व्यवहार नाही. म्हणून तीन सरकारी कंपन्यांनी मिळून २०१९ साली एक संस्था काढली आणि तिने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनात लिथियमच्या पाच क्षेत्रांचा करार केला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिजांची मोहीम मंजूर झाली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस देशातच चुंबक बनविण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना आली. म्हणजे खाण, भट्टी आणि कारखाना या तिन्ही पायऱ्या आपल्या अंगणात असाव्यात, असा हा प्रयत्न आहे.

इथवर देशाच्या गरजेची बाजू झाली. दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे भाषण अपुरे राहील. खाण जिथे निघते तिथेही गाव असते. चंद्रपूर-वणीकडे उघड्या खाणींसाठी शेते गेली, घरे गेली, गावे उठून दुसरीकडे वसली. मातीचे डोंगर उभे राहिले, नाल्यांचे पाणी काळवंडले, दगडी कोळशाची धूळ पिकांवर बसली. खाणीत उतरणाऱ्याच्या जिवाची तर शाश्वती नसते. १९७५ च्या डिसेंबरात झरियाकडे चासनाला येथील खाणीत पाणी घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगार बुडाले. देशाच्या नावाने ज्याची जमीन घेतली, त्याच्या मुलाला शाळा नसेल, प्यायला स्वच्छ पाणी नसेल, तर तो देशाचा सौदा नीतीचा म्हणता येणार नाही. गरज सरो नि वैद्य मरो, अशी वागणूक खाणीच्या गावाला मिळता कामा नये.

या दृष्टीने कायद्यात एक चांगली तरतूद २०१५ साली झाली. खाणमालक सरकारला जे स्वामित्वधन देतो, त्याच्या दहा टक्के, आणि जुन्या खाणींच्या बाबतीत तीस टक्क्यांपर्यंत, रक्कम त्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरायची असते. हा पैसा खाणीची झळ लागलेल्या गावांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्च व्हायचा असतो. पण तरतूद असणे वेगळे आणि पैसा योग्य जागी पोहोचणे वेगळे. ग्रामसभा जागी असेल, गावातला शिकलेला माणूस हिशेब मागत असेल, तरच तो पोहोचतो. आणि काही ठिकाणी जंगल, पाणी किंवा वस्ती यांचे मोल खाली दडलेल्या खनिजाहून अधिक असते. तिथे खाण काढू नये, हेही शहाणपणच आहे.

शेवटी, नाशिकसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपण काय करायचे? आपल्याकडे खाण नाही, असे मी मघाशी म्हणालो. पण प्रत्येक गावात एक खाण असते, ती म्हणजे आपली अडगळीची खोली. बंद पडलेला मोबाईल, जळालेली मोटार, फुगलेली बॅटरी, तुटलेला पंखा, जुन्या तारा. त्यांत तांबे आहे, शिसे आहे, कोबाल्ट आहे, चिमूटभर सोनेही आहे. जळालेल्या पंपाची मोटार आपण गुंडाळून आणतो, जुने तांबे विकतो, मोटारगाडीची जुनी बॅटरी देऊन नवी घेतो. हे शहाणपण आपल्या अंगात पूर्वीपासून आहे. तेच आता मोबाईल आणि लिथियमच्या बॅटरीला लावायचे. अशा बॅटऱ्या आणि यंत्रे परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा ती उकिरड्यावर टाकू नका, जाळू नका, आणि मुलांना फोडू देऊ नका. लिथियमची बॅटरी फोडली तर पेट घेते. अधिकृत संकलन केंद्रावर किंवा दुकानात द्या.

शिक्षकांना एक विनंती. भूगोलाच्या तासाला मुले खनिजांची नावे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याऐवजी त्यांना घरातील दहा वस्तूंची यादी करायला सांगा आणि प्रत्येक वस्तू कोणत्या खनिजाची, ते खनिज कुठले, हे नकाशावर शोधायला लावा. भंडाऱ्याचा सेल, बालाघाटचे तांबे, चंद्रपूरचा कोळसा, काँगोचा कोबाल्ट, अर्जेंटिनाचा लिथियम असा साऱ्या जगाचा नकाशा एका खोलीत उभा राहील. यातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या भूगर्भशास्त्रज्ञ होईल, धातुविद्या शिकेल. आपल्याला जो पोहरा हवा आहे, तो अशाच हातांनी घडवायचा आहे.

आणि शेतकरी बंधूंनो, गरज नसताना चालणारा दिवा किंवा पंप बंद केलात, तर वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जमिनीतच राहतो. चंद्रपूरकडच्या एखाद्या शेताचे आयुष्य तेवढे वाढते आणि एकलहऱ्याच्या तळ्यात तेवढी राख कमी पडते. देशाची तिजोरी भूगर्भात आहे. ती उघडायची जरूर, पण बेताने उघडायची, आणि जिच्या अंगणात ती उघडली त्या गावाचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा.